पिशवी काढल्यावरही पित्तनलिकेत खडा: ओळखायचा कसा, काढायचा कसा

पित्ताशयाची पिशवी काढली म्हणजे खड्यांचा विषय कायमचा मिटला, असं बहुतेक घरांत धरून चालतात. मग ऑपरेशनला आठ-दहा वर्षं होतात, एका रात्री उजव्या बरगडीखाली तीच ओळखीची कळ येते आणि घरातले म्हणतात, "आता खडा कुठून येणार? पिशवीच नाही." कधी कॅज्युअल्टीतला नवखा डॉक्टरही हेच म्हणतो आणि अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतो. पुढचे चार-सहा दिवस असेच जातात. या आजारात खरं नुकसान होतं ते याच दिवसांत.

ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांना दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या माणसासाठी हा क्रम लिहिला आहे. औषधांचे निर्णय डॉक्टरांचेच. पण केव्हा जायचं, कुठे जायचं, काय बरोबर न्यायचं आणि काय विचारायचं, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

पिशवी गेली, नळी राहिली

पित्त पिशवीत तयार होत नाही, यकृतात होतं. दिवसाला साधारण ५०० ते १००० मिलिलिटर. पिशवी म्हणजे वाटेतली ३० ते ५० मिलिलिटरची साठवणीची टाकी. यकृतातून उजवी आणि डावी अशा दोन नळ्या निघतात आणि एकत्र येतात. त्यांना पिशवीची बारीक नळी येऊन मिळते आणि तिथून खाली जी नळी जाते ती सामाईक पित्तनलिका. रिपोर्टमध्ये तिला सीबीडी म्हणतात. लांबी ७-८ सेंटिमीटर, आतला व्यास साधारण ६ मिलिमीटरपर्यंत. स्वादुपिंडाच्या डोक्यातून वाट काढत ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उघडते. उघडते ती एका छोट्याशा उंचवट्यावर, त्याला पॅपिला म्हणतात. तिथे स्नायूंची एक कडी असते. बहुतेकांची स्वादुपिंडाची नळीही तिथेच येऊन मिळते.

ऑपरेशनमध्ये टाकी काढतात, मुख्य नळी जागेवरच राहते. ती राहायलाच हवी. म्हणून त्या नळीत खडा असू शकतो, आणि अडकतो तो बहुधा सगळ्यात खाली, जिथे वाट सर्वांत अरुंद आहे. स्वादुपिंडाचं तोंडही तिथेच असल्यामुळे एकच खडा कावीळ आणि स्वादुपिंडाची सूज, दोन्ही घडवू शकतो.

हा खडा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट: तो आधीपासूनच तिथे होता. पिशवीतला एखादा बारीक खडा ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना मुख्य नळीत घसरला आणि कुणाच्या लक्षात आला नाही. पिशवीत खडे असलेल्या १०० जणांपैकी १० ते २० जणांच्या मुख्य नळीतही खडे असतात, त्यामुळे हे काही जगावेगळं नाही. ऑपरेशननंतर २ वर्षांच्या आत सापडला तर 'राहून गेलेला' आणि त्यानंतर सापडला तर 'नव्याने झालेला', असा वैद्यकातला संकेत आहे. तो सोयीपुरता. राहून गेलेला खडा पाच-सात वर्षं गुपचूप बसून राहिल्याचीही उदाहरणं आहेत.

दुसरी वाट: खडा नळीतच तयार झाला. हा पिशवीतल्या टणक पिवळट खड्यासारखा नसतो. तपकिरी, मऊ, बोटांत चुरडला जाईल असा, ओल्या गुळाच्या खड्यासारखा. पित्त नळीत साचून राहिलं की आतड्यातले जिवाणू वर चढतात. त्यांच्या विकरांमुळे पित्तातलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळं रंगद्रव्य, सुटं होतं, ते कॅल्शियमला चिकटतं आणि थर बसत जातात. म्हणजे मूळ दोष साचण्यात आहे. नळी फुगून सैल झालेली असणं, जुन्या जखमेमुळे ती एखाद्या ठिकाणी आवळलेली असणं, उतारवयात पॅपिलाच्या शेजारी आतड्याला फुगवटा येणं, ही साचण्याची नेहमीची कारणं. कधी खड्याच्या पोटात दुसरंच काही निघतं: ऑपरेशनमध्ये लावलेली धातूची क्लिप सरकत नळीत आलेली असते आणि तिच्याभोवती खडा धरलेला असतो. हे ऑपरेशननंतर काही दिवसांतही होतं आणि २० वर्षांनीही झालेलं आहे. काश्मीरसारख्या भागात मेलेला जंतही खड्याचा गाभा ठरतो.

तिसरी वाट: पिशवीचा थोडा भाग मागे ठेवलेला असतो. पिशवी खूप सुजलेली आणि आजूबाजूला घट्ट चिकटलेली असेल, तर सर्जन मुख्य नळीला इजा होऊ नये म्हणून मुद्दाम पिशवीचा नळीजवळचा भाग सोडून देतो. हा निष्काळजीपणा नाही, शहाणपणाचा निर्णय आहे. मुख्य नळी कापली गेली तर रुग्णाला जन्मभर त्रास होतो. पण त्या उरलेल्या कप्प्यात किंवा पिशवीच्या बारीक नळीच्या लांब राहिलेल्या बुंध्यात खडा असू शकतो, आणि तो पुढे नळीत उतरू शकतो.

पायरी १: 'पित्त झालं' म्हणून सोडून देऊ नका

आपल्याकडे अॅसिडिटीलाही 'पित्त' म्हणतात, आणि हा शब्दच इथे घात करतो. अॅसिडिटीत जळजळ होते, आंबट पाणी वर येतं, गोळी किंवा थंड दूध घेतलं की उतार पडतो. नळीतल्या खड्याची कळ वेगळी. ती पोटाच्या वरच्या भागात मध्यावर किंवा उजव्या बरगडीखाली येते, पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत एकसारखी धरून राहते. उजव्या खांद्याच्या पात्याखाली किंवा पाठीत जाते. कूस बदलून, चालून, उलटी होऊनही बरं वाटत नाही. पिशवी काढायच्या आधी जशी दुखायची तशीच ही कळ आहे, असं रुग्ण म्हणाला तर ते वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. ते मोलाचं आहे.

त्यानंतर रंग बघा. आधी लघवी गडद होते, कोऱ्या चहासारखी. डोळे पिवळे व्हायला त्यानंतर एखादा दिवस लागू शकतो. डोळे दिवसाउजेडी, खिडकीपाशी उभं राहून, खालची पापणी ओढून पांढऱ्या भागात बघावेत. रात्री पिवळ्या दिव्याखाली काही कळत नाही. शौचाचा रंग फिका, मातकट पांढरा होतो, कारण आतड्यात पित्त पोचत नाही. अंगाला खाज सुटते, तळहात-तळपायाला जास्त, आणि रात्री जास्त.

ही कावीळ चढ-उतार करते. खडा खाली बसला की नळी तुंबते, तो वर तरंगला की पित्त वाहतं आणि डोळे निवळतात. इथेच माणसं फसतात. काविळीची माळ घातली, कुणाकडून कावीळ उतरवून घेतली, आठवडाभर उसाचा रस प्यायला, आणि डोळे निवळले. श्रेय माळेला मिळतं. प्रत्यक्षात खडा दोन मिलिमीटर वर सरकलेला असतो. पिशवी काढलेल्या माणसाला कावीळ झाली तर ती नळी तुंबल्यामुळे नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवं. तोवर घरगुती उपाय नकोत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडी वाजून, हुडहुडी भरून ताप, कावीळ आणि उजव्या बाजूला वरच्या भागात दुखणं, ही तीन लक्षणं एकत्र आली तर तुंबलेल्या पित्तात संसर्ग झालेला आहे. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये हे त्रिकूट मांडलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. त्यात रक्तदाब घसरणं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागणं यांची भर पडली, तर तासांचा प्रश्न आहे. सकाळची ओपीडी गाठू, असं म्हणू नका. तिन्ही लक्षणं एकत्र येतीलच असंही नाही. सत्तरीपुढच्या माणसाचं पोट अनेकदा दुखतच नाही. नुसती हुडहुडी, जेवणावरची वासना गेलेली, थोडं भ्रमल्यासारखं वागणं, इतकंच दिसतं.

तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढण्याला ईआरसीपी म्हणतात. निघण्याआधी दवाखान्याला फोन करून दोनच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे ईआरसीपी होते का?" आणि "करणारे डॉक्टर आज उपलब्ध आहेत का?" नाहीतर एका ठिकाणी भरती, तिथून दुसरीकडे हलवाहलव, यात रात्र जाते. मात्र माणूस बेशुद्धीकडे जात असेल किंवा रक्तदाब पडला असेल, तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. सलाईन आणि अँटिबायोटिक तिथेच सुरू व्हायला हवं, पुढचं हलवणं त्यानंतर.

पायरी २: जुनी फाइल शोधा

हे काम बरं असतानाच करून ठेवावं. तीन कागद लागतात: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि काढलेल्या पिशवीचा बायॉप्सी रिपोर्ट. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'लॅप कोली', म्हणजे दुर्बिणीने पिशवी काढली, एवढंच लिहिलेलं असतं. खरी माहिती ऑपरेशन नोटमध्ये असते. पिशवी पूर्ण काढली की अर्धवट, बुंधा क्लिपने बंद केला की टाक्याने, मुख्य नळीचा फोटो टेबलावरच काढला होता का, नळीत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी) ठेवला होता का, हे तिथे कळतं. अर्धवट पिशवीसाठी 'सबटोटल' हा शब्द शोधा. तो दिसला तर सोनोग्राफी आणि एमआरआय करणाऱ्यांना आधीच सांगा, म्हणजे ते त्या कप्प्याकडे नीट बघतील.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया केली. त्या दशकात ऑपरेशन झालेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. उशिरा होणाऱ्या खड्यांचं वयही हेच, आणि त्यातल्या अनेकांकडे एकही कागद उरलेला नाही. कागद नसेल तर निदान पोटावरच्या खुणा दाखवा. तीन-चार बारीक खुणा म्हणजे दुर्बीण, बरगडीखाली लांब तिरका व्रण म्हणजे ओपन.

फाइलच्या पहिल्या पानावर चालू गोळ्या लिहा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांखाली रेघ मारा. अॅलर्जी, पेसमेकर, आणि वजन कमी करण्यासाठी पोटाची बायपास झाली असेल तर तेही. त्या बायपासनंतर आतड्याची वाट बदललेली असते आणि नेहमीची दुर्बीण पॅपिलापर्यंत पोचत नाही. हे टेबलावर कळून उपयोग नाही.

पायरी ३: रक्ताच्या तपासण्या

एलएफटी (यकृताची तपासणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाची विकरं), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). ताप असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जिवाणू आहेत का याची तपासणी.

एलएफटीमध्ये एकूण बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत ठीक. ते वाढलेलं असेल तर त्यात 'डायरेक्ट'चा वाटा किती ते बघा. नळी तुंबल्यावर निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच असतो. सोबत अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी, ही पित्त अडलं की वाढणारी विकरं, चढलेली असतात. विषाणूच्या काविळीत मात्र एसजीपीटी-एसजीओटी, ही यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारी विकरं, हजाराच्या घरात जातात.

इथे एक खाचखळगा आहे. खडा नुकताच अडकलेला असेल तर पहिल्या दिवशी एसजीपीटीही ५००-१००० पर्यंत उडी मारू शकतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज अजून जागेवरच असतं. असा रिपोर्ट हातात पडला की 'व्हायरल कावीळ, विश्रांती घ्या' असं सांगून मोकळे होतात. फरक दोन-तीन दिवसांत दिसतो: खड्यात एसजीपीटी झपाट्याने उतरतं, विषाणूत आठवडे घेतं. म्हणून जोरात कळ येऊन गेलेल्या माणसाचा एकच रिपोर्ट बघून निकाल लावू नये. एलएफटी ४८ तासांनी पुन्हा करावी.

लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट असेल आणि पोट दुखत असेल, तर स्वादुपिंडाला सूज आहे. आयएनआर बघायचं कारण वेगळं. पित्त आतड्यात पोचलं नाही की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. ते व्हिटॅमिन के देऊन सुधारता येतं, पण आधी कळायला हवं.

पायरी ४: सोनोग्राफी, आणि तिथे थांबायचं नाही

सोनोग्राफी पहिली, कारण ती लगेच होते आणि स्वस्त आहे. सहा तास उपाशी जा. रिपोर्ट आला की शेवटची 'इम्प्रेशन'ची ओळ वाचून घडी घालू नका. मधल्या परिच्छेदात सीबीडीचं माप शोधा. पिशवी काढल्यावर नळी थोडी रुंदावते, त्यामुळे ७-८ मिलिमीटर दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, काहींची १० पर्यंतही जाते. पण ८ च्या वर माप, एलएफटी बिघडलेली आणि कळ येऊन गेलेली, अशी जोडी जमली तर पुढची तपासणी हवीच.

आणि हे वाक्य शोधा: 'सीबीडी लोअर एंड ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस'. जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं. अर्थ असा की आतड्यातल्या हवेमुळे नळीचं खालचं टोक दिसलंच नाही. खडा अडकायची जागा तीच. म्हणजे 'खडा दिसला नाही' याचा अर्थ 'खडा नाही' असा होत नाही. नळीतल्या साधारण चारांपैकी एक खडा सोनोग्राफीत निसटतो.

पुढची तपासणी एमआरसीपी. हा एमआरआयचाच प्रकार, पित्ताच्या पाण्याचं चित्र घेणारा. बहुधा सुई नाही, क्ष-किरण नाहीत, चार-सहा तास उपाशी राहायचं. ऑपरेशनच्या क्लिपा आत आहेत म्हणून एमआरआय चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या क्लिपा बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि त्या चालतात. तरी टेक्निशियनला सांगायचंच. पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. एमआरसीपी १०० पैकी नव्वदाहून जास्त खडे पकडते. चुकते ती दोन ठिकाणी: अगदी खालच्या टोकाला अडकलेला ५ मिलिमीटरहून लहान खडा, आणि नळीतला हवेचा बुडबुडा, जो खड्यासारखा दिसतो. हवा वर तरंगते, खडा खाली बसतो, त्यावरून फरक करतात.

तो बारीक खडा पकडायला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड चांगला. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी, तीही नळीच्या अगदी शेजारी जाऊन, त्यामुळे मधे हवा येत नाही. खडा दिसलाच तर त्याच भुलीत ईआरसीपी करता येते. दोन्ही सोयी एकाच ठिकाणी असतील तर खर्च आणि भूल दोन्ही वाचतात.

सीटी स्कॅन खड्यासाठी तितका कामाचा नाही, अनेक खडे त्यात दिसतच नाहीत. पण न दुखता वाढत गेलेली कावीळ आणि घटणारं वजन असं चित्र असेल तर सीटी आधी हवा. तिथे शंका खड्याची नाही, स्वादुपिंडाच्या किंवा नळीच्या गाठीची असते. ऑपरेशनच्या वेळी नळीला इजा होऊन ती आवळली गेली असेल, तरी सगळं खड्यासारखंच दिसतं.

पायरी ५: ईआरसीपी केव्हा

ईआरसीपी हा उपचार आहे, तपासणी नाही. 'एकदा आत घालून बघू' म्हणून ती करायची नसते, कारण तिच्यामुळे १०० पैकी ३ ते १० जणांना स्वादुपिंडाची सूज येते. तरुण बाई, बिलिरुबिन नॉर्मल, नळी बारीक, अशा रुग्णाला हा धोका जास्त. नुसत्या शंकेवर ईआरसीपी सुचवली गेली तर आधी एमआरसीपी करता येईल का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

थेट ईआरसीपीकडे जायची कारणं मोजकी: तपासणीत खडा प्रत्यक्ष दिसलेला, संसर्गाची लक्षणं, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर आणि नळीही फुगलेली. संसर्ग वाढून रक्तदाब पडला असेल तर नळी त्याच दिवशी मोकळी करायला हवी. सौम्य संसर्ग अँटिबायोटिकने शमत असेल तर एक-दोन दिवस मिळतात. त्रास नसताना अचानक सापडलेला खडाही प्रकृती झेपत असेल तर काढावा, असाच आजचा सल्ला आहे. वय नव्वदीचं असेल, हृदय कमजोर असेल, तर हा हिशेब डॉक्टरांसोबत बसून करायचा.

गोळ्यांनी खडा विरघळेल का? पित्ताचे खडे विरघळवायला उर्सो नावाची गोळी देतात, पण नळीतला तपकिरी खडा तिने विरघळत नाही. महिनेच्या महिने गोळ्या घेत वाट बघणं म्हणजे पुढच्या संसर्गाची वाट बघणं.

पायरी ६: तयारी

घन अन्न ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने ना बंद करा, ना चालू ठेवा. वॉरफेरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. पण हृदयात नुकताच स्टेंट बसलेला असेल तर गोळी थांबवणंच जिवावर बेतू शकतं. हृदयाचे डॉक्टर आणि ईआरसीपीचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं, आणि ते बोलले की नाही हे घरच्यांनी विचारावं. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी कसं घ्यायचं ते आदल्या दिवशी लिहून घ्या. दातांची कवळी, नथ, अंगठी घरी. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, क्ष-किरण लागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी गाठा आणि हे पॅकेज त्या रुग्णालयात मिळतं का ते विचारा. खाजगी विमा असेल तर पुढे स्टेंट काढायला पुन्हा यावं लागेल, तो खर्च कसा धरतात हेही आत्ताच विचारून ठेवा.

एक प्रश्न डॉक्टरांना: "सुजेपासून बचाव म्हणून गुदद्वारातून औषध देणार आहात ना?" डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी स्वादुपिंडाची सूज कमी करते, हे सिद्ध झालेलं आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा या औषधांची अॅलर्जी असेल तर देत नाहीत.

पायरी ७: आत काय होतं, आणि बाहेर आल्यावर काय बघायचं

भूल देऊन बहुधा पालथं झोपवतात. तोंडातून जी दुर्बीण जाते तिचा कॅमेरा टोकाला समोर नसतो, बाजूला असतो, कारण पॅपिला आतड्याच्या भिंतीवर असते. त्या छोट्या तोंडातून आधी एक मऊ टोकाची तार वर सरकवतात. मग रंग सोडून क्ष-किरणाखाली नळीचं चित्र घेतात, खडा त्यात पोकळीसारखा दिसतो. त्यानंतर स्नायूंची कडी विजेच्या बारीक तारेने काही मिलिमीटर कापतात. ही रीत १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सुरू झाली. त्याआधी अशा खड्यासाठी पोट उघडावं लागे. तोंड मोकळं झालं की खड्याच्या वर फुगा फुगवून तो खाली ओढतात, किंवा चार तारांच्या बारीक पिंजऱ्यात खडा धरून बाहेर आणतात. तो बहुधा आतड्यातच सोडतात, शौचावाटे निघून जातो. घरी दाखवायला खडा हातात मिळाला नाही म्हणून शंका घेऊ नका. शेवटच्या क्ष-किरणात नळी रिकामी आहे का, ते विचारा. रिपोर्टमध्ये त्यासाठी 'सीबीडी क्लिअर्ड' असं लिहितात.

सगळं अर्ध्या ते एका तासाचं काम. खडा १५ मिलिमीटरहून मोठा असेल तर तोंड फुग्याने आणखी रुंद करतात, किंवा खडा आतच फोडतात, कधी लेझरने. मोठा खडा एका बैठकीत निघालाच नाही तर स्टेंट ठेवून बाहेर येतात. अपयश म्हणून याकडे बघू नये. पित्त वाहतं झालं की घाई संपते.

बाहेर आल्यावर पहिले काही तास तोंडाने काही नाही, मग पाणी, शहाळं, पेज, आणि ठीक वाटलं तर दुसऱ्या दिवशी मऊ वरण-भात. घसा एक-दोन दिवस खवखवतो, पोट फुगल्यासारखं वाटतं, ते चालतं. हे मात्र चालत नाही:

- पहिल्या २४ तासांत पोटात वर दुखून पाठीत जाणं आणि उलट्या. स्वादुपिंडाची सूज.
- डांबरासारखी काळी, चिकट शी किंवा रक्ताची उलटी. कापलेल्या जागेतून रक्तस्राव. १०० पैकी एक-दोघांना होतो आणि दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती चिकट, वासाची नसते.
- पोट फळीसारखं घट्ट होणं, किंवा मानेवर-छातीवर सूज येऊन दाबल्यावर चरचर लागणं. आतड्याला भोक पडल्याची खूण. क्वचित होतं, पण लगेच दवाखाना.
- पुन्हा हुडहुडी आणि ताप.

पायरी ८: स्टेंटची तारीख

या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. प्लॅस्टिकचा स्टेंट म्हणजे शाईच्या रिफिलसारखी एक बारीक नळी. १० फ्रेंच मापाची नळी म्हणजे बाहेरून ३.३ मिलिमीटर. तिच्या आतल्या भिंतीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, त्यावर पित्ताचा गाळ धरतो आणि साधारण तीन महिन्यांत ती तुंबायला लागते. माणसाला तोवर अगदी छान वाटत असतं. भूक लागते, डोळे पांढरे होतात, शेतीची कामं सुरू होतात, आणि स्टेंट आत आहे हेच विसरायला होतं. वर्ष-दोन वर्षांनी तो रुग्ण परत येतो तेव्हा स्टेंट गाळाने बंद असतो, भोवती नवा खडा धरलेला असतो, कधी नळी सरकून भलतीकडे गेलेली असते. पहिल्यांदा अर्ध्या तासात झालं असतं ते काम आता दोन-तीन बैठकांचं होतं, तेही संसर्गाच्या तोंडावर.

म्हणून डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: स्टेंट ठेवला आहे का, प्लॅस्टिकचा की धातूचा, आणि काढायची तारीख. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनाने, आणि मुलाच्या-सुनेच्या मोबाइलमध्ये दोन आठवडे आधीच्या गजरासह. स्वादुपिंडाच्या नळीत वेगळा बारीक स्टेंट घातला असेल तर तो बहुधा आपोआप पडतो. तो पडला का, हे बघायला दोन आठवड्यांच्या आसपास पोटाचा एक साधा एक्स-रे करतात. तो एक्स-रे टाळू नका.

ईआरसीपी जमली नाही तर

पोटावरून सुई घालून यकृतातल्या नळीत बारीक ट्यूब बसवतात, पित्त बाहेरच्या पिशवीत येतं. ती ट्यूब घरी सांभाळायची असेल तर रोजचं माप वहीत लिहा, ओढ बसणार नाही अशी चिकटपट्टी लावा. माप अचानक शून्यावर आलं, ताप आला किंवा कडेने गळायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा. दुर्बिणीने किंवा पोट उघडून नळीतला खडा काढण्याचं ऑपरेशनही आहेच. उरलेल्या पिशवीच्या कप्प्यात खडा असेल तर नळी साफ केल्यावर तो कप्पाही काढावा लागतो, नाहीतर तिथून पुन्हा खडा उतरतो. वरचेवर खडे होणाऱ्या, फार फुगलेल्या नळीसाठी ती थेट आतड्याला जोडण्याचा पर्याय असतो.

त्यानंतर

नळी साफ झाल्यावरही खडा परत होऊ शकतो. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण १०० पैकी ४ पासून २५ पर्यंत सापडलं आहे. नळी जितकी रुंद, तितकी शक्यता जास्त. जेवणात कायमची तेल-तुपाची बंदी घालून हे थांबत नाही. सूज उतरल्यावर नेहमीचं घरचं जेवण चालतं, तूप धरून. पथ्यापेक्षा उपयोगाची गोष्ट म्हणजे डॉक्टर सांगतील त्या अंतराने एलएफटी करणं, आणि पुन्हा तशी कळ आली तर ती ओसरून गेली तरी २४ तासांच्या आत एलएफटी करून घेणं. कळेच्या वेळचा बिघडलेला रिपोर्ट हा पुरावा असतो, चार दिवसांनी तो नॉर्मल होऊन जातो.

आणि पुढे कधीही, कुठल्याही कारणाने पोटाची सोनोग्राफी केली तर आत जाण्याआधी सांगा की ईआरसीपी झालेली आहे आणि पित्तनलिकेचं तोंड कापलेलं आहे. कडी मोकळी झाल्यामुळे आतड्यातली हवा नळीत चढते आणि रिपोर्टमध्ये 'न्यूमोबिलिया' असा शब्द येतो. तो आजार नाही. पण ही हवा सोनोग्राफीच्या पडद्यावर खड्यासारखीच चमकते आणि मागे सावली टाकते. आधी सांगितलं नाही तर नसलेल्या खड्यासाठी पुन्हा एमआरसीपीची धावपळ होते.